नाट्यलेखनाचीं धुळाक्षरें

नाटक लिहावें कसें, हें शिकविणारी शाळा महाराष्ट्रांत दीर्घकाळ नव्हती. भरतमुनींचें नाट्यशास्त्र शास्त्र्यांच्या पोथ्यांत होतें आणि शेक्सपिअर कॉलेजच्या वर्गांत. कोल्हापूर, सांगली किंवा बेळगांव येथील एखाद्या होतकरू तरुणास नाटककार व्हावेंसें वाटलें, तर त्यानें धुळाक्षरें गिरवावीं कोठें? या प्रश्नाचें उत्तर याच मुलखांत, आणि तेंही पुस्तकांपेक्षां तालमींतून, मिळत गेलें.

विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें, तेव्हां लेखकाचें काम बहुतेक पदें रचण्यापुरतेंच होतें. सूत्रधारानें पद गावें आणि पात्रानें त्याच्या अनुरोधानें आयत्या वेळीं सुचेल तें भाषण करावें, असा प्रघात. राक्षसाच्या आरोळीनें मांडव दणाणे. संवाद मात्र कागदावर नसे. १८६१ सालीं विनायक जनार्दन कीर्तने यांनीं 'थोरले माधवराव पेशवे' हें नाटक लिहून काढलें आणि हा प्रकार पालटूं लागला. तें रंगभूमीवर आणण्याचें धाडस कोल्हापूरच्या शेजारच्या इचलकरंजीकर नाटक मंडळीनें केलें. आतां नटास शब्द पाठ करणें भाग पडलें. साहजिकच लेखकाचीही परीक्षा सुरू झाली: आपलें वाक्य एका दमांत उच्चारतां येतें काय, आणि शेवटच्या रांगेंतल्या माणसास तें कळतें काय?

या विद्येची खरी गुरुपरंपरा बेळगांवच्या शाळेंत सुरू झाली. तेथें अण्णासाहेब किर्लोस्कर शिक्षक आणि गोविंद बल्लाळ देवल त्यांचे विद्यार्थी. किर्लोस्करांनीं १८८० सालीं पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें. कालिदासाच्या कोणत्या श्लोकाचें पद करावें आणि कोणता साध्या बोलण्यांत जिरवावा, हा विवेक देवलांस आपल्या गुरूच्या मंडळींत राहून जवळून पाहावयास मिळाला. पुढें ते स्वतः नामांकित तालीममास्तर झाले. नटाच्या तोंडीं कोणता शब्द अडखळतो, हें तालीममास्तराइतकें कोणास कळणार?

देवलांचीं नाटकें सात. त्यांपैकीं स्वतंत्र एकच, तें 'शारदा'. बाकीचीं संस्कृत किंवा इंग्रजी कृतींच्या आधारानें लिहिलेलीं. 'मृच्छकटिक' शूद्रकाचें, 'झुंझारराव' शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून, 'शापसंभ्रम' बाणाच्या 'कादंबरी'वरून. अशा उसनवारीस हिणविण्याची चाल आहे. पण देवलांच्या बाबतींत ती अन्यायाची होईल. तयार कथानक हातीं असल्यामुळें त्यांचें सगळें लक्ष संवादाकडे, प्रवेशांच्या जुळणीकडे आणि पात्रांच्या येण्याजाण्याकडे लागलें. चित्रकाराचा विद्यार्थी जुनीं चित्रें उतरून हात बसवितो, तसाच हा अभ्यास होता. 'फाल्गुनराव' हें आपलें गद्य नाटकच त्यांनीं पुढें पदें घालून 'संशयकल्लोळ' या नांवानें संगीत केलें. गाण्यास जागा कोठें द्यावी, हें ज्यास शिकावयाचें असेल त्यानें हीं दोन रूपें शेजारीं ठेवून वाचावीं.

हात असा बसल्यावर, १८९९ सालीं, 'शारदा' आली. कांचनभट पैशाच्या लोभानें आपली मुलगी वृद्ध भुजंगनाथास देऊं पाहतो, एवढीच गोष्ट. तिच्यांत राजा नाहीं कीं अप्सरा नाहीं. आणि माणसें मराठी घरांत बोलतात तशीं बोलतात. (१९२९च्या बालविवाहाच्या कायद्यास लोक शारदा कायदा म्हणत, तें हरबिलास सारडा यांच्या आडनांवावरून, नाटकाशीं नामसाम्य हा योगायोग.)

या शारदेच्या भूमिकेनें कोल्हापूरचा एक मुलगा महाराष्ट्रास माहीत करून दिला. केशवराव भोसले यांचा जन्म १८९० सालचा. शाळेंत बसण्याच्या वयांतच ते स्वदेशहितचिंतक मंडळींत दाखल झाले, आणि १९०८ सालीं हुबळीस त्यांनीं ललितकलादर्श ही स्वतःची संस्था काढली. इकडे शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत खासबाग मैदानालगत पॅलेस थिएटर बांधविलें; तें १९१५ सालीं पुरें झालें आणि पुढें केशवरावांच्याच नांवानें ओळखलें जाऊं लागलें. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशीं, तें आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें.

तत्कालीन नाटककारास रंगमंचाची रचनाही शिकावी लागे. महालाचा किंवा अरण्याचा देखावा मागें मांडला जात असतां पुढच्या पडद्यापाशीं रस्त्यावरचा एखादा प्रवेश चालू ठेवावा लागे. अनेक जुन्या नाटकांतल्या दोन सेवकांच्या विनोदी गप्पांचें रहस्य बव्हंशीं हेंच. सुताराचे हातोडे त्या हंशांत लपत. ज्यास हें ठाऊक नसे, त्याचें हस्तलिखित मंडळींच्या पेटींतच राही.

ललितकलादर्शचे नाटककार मामा वरेरकर यांनीं हा धडा गिरविला आणि मग मोडलाही. हुंड्यावरील 'हाच मुलाचा बाप' त्यांनीं याच संस्थेस दिलें. केशवराव ऑक्टोबर १९२१ मध्यें ऐन उमेदींत वारले. संस्था बापूराव पेंढारकरांनीं सांभाळली. १९२२ सालीं तिनें वरेरकरांचें 'सत्तेचे गुलाम' केलें, त्यांत रंगविलेल्या पडद्याऐवजीं पु. श्री. काळे यांनीं उभारलेली खरीखुरी खोली प्रेक्षकांस दिसली. खोली आली, कीं रस्त्यावरचा प्रवेश गेला. मग पात्र कोणत्या दारानें आंत येतें, कशाकरितां येतें आणि दुसरें त्याच वेळीं कां निघून जातें, याचें कारण लेखकास संवादांतूनच द्यावें लागूं लागलें.