बांधावरचा मोह आणि सरकारी संशय

फाल्गुन लागला की चंद्रपूर-गडचिरोलीकडे पळस पेटतो, काटेसावरीच्या उघड्या फांद्यांवर लाल फुलं येतात. पळसाची फुलं उकळून शिमग्याचा केशरी रंग करण्याची रीतही इथली जुनीच. पण घरोघरी वाट पाहिली जाते ती मोहाची. परसात, शेताच्या बांधावर, गावाला लागून असलेल्या जंगलात मोहाची झाडं असतात आणि बहुतेक झाडांना धनी असतो. जंगलातली अमुक झाडं अमुक घराची, हे गावाला पाठ असतं. भावाभावांच्या वाटणीत जमिनीबरोबर मोहाची झाडंही वाटली जातात.

हे फूल कुणी खुडत नाही. रात्री वटवाघळं त्यावर ताव मारतात आणि पहाटे पिवळसर पांढऱ्या, मांसल पाकळ्यांचे गोळे आपणहून टपटप गळतात. ऊन तापायच्या आत, अस्वलं आणि गुरं पोचण्याआधी, बायकामुलं टोपल्या घेऊन झाडाखाली हजर असतात. अंगणात दोन-चार दिवस वाळली की फुलं मनुकांसारखी तांबूस आणि चिवट होतात. मग ती वर्षभर टिकतात.

या टिकाऊपणातच मोहाचं मोल होतं. चैत्र-वैशाखात कणगी रिकामी व्हायची, तेव्हा गोंड, माडिया घरांत मोहफुलं शिजवून खाल्ली जात. बाजारात ती देऊन मीठ घेतलं जाई. कामाच्या बैलालाही शिजवलेला मोह मिळे. माडिया गावांत हंगामातली नवी वस्तू आधी देवाला दाखवून मगच खाण्याचा रिवाज आहे. त्याला पंडुम म्हणतात. पूजेला आणि लग्नकार्याला मोहाची दारू लागे, हेही तितकंच खरं.

सरकारला मात्र त्यातली दारूच आधी दिसली. १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झालं, चांदा (आजचा चंद्रपूर-गडचिरोलीचा भाग) इंग्रजांकडे गेला आणि १८६१ मध्ये मध्य प्रांतात आला. दारू गाळणं हा आबकारीच्या उत्पन्नाचा विषय झाला. घरची भट्टी गुन्हा ठरली. शेजारच्या मुंबई इलाख्यानं तर आणखी पुढची पायरी गाठली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी १८९२ मध्ये खास मोहाचा कायदा आला आणि फुलं जवळ बाळगण्यावरच बंधनं घातली गेली.

१९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला. पुढे मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा इथंही लागू झाला, त्यात मोहफुलांची साठवण आणि वाहतूक नियमांत बांधलेली होती. अंगणात वाळवलेलं खाणं पोत्यात भरून बाजाराला निघालं की परवान्याचा प्रश्न येई. दारूनं घरं बुडत होती, हे नाकारता येत नाही. गडचिरोलीत बायकांनी आणि गावांनी लढा दिला म्हणून १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आली. चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ अशी राहिली. मात्र दारूविरुद्धचा लढा वेगळा आणि फुलाला गुन्हेगार धरणं वेगळं.

हा फरक कायद्यानं उशिरा मानला. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाची मालकी वनवासी समाजाकडे दिली. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीलाच. महाराष्ट्रानं मोहफुलं वेचणं, साठवणं आणि नेणं यावरची बंधनं सैल केली ती २०२१ मध्ये. आज मोहाचे लाडू, लोणचं, सरबत बचत गटांच्या टेबलावर दिसतात.

आता खरा धोका वेगळा आहे. पहाटे वेचायला गेलेल्यांवर ब्रह्मपुरी आणि ताडोबाच्या आसपास वाघांचे हल्ले होतात. एकट्यानं न जाता चार जणांनी मिळून जावं, उजाडल्यावर जावं. दुसरा धोका माणसानंच ओढवलेला. फुलं स्वच्छ मिळावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. त्यातून वणवा लागतो आणि मोहाची रोपंही जळतात. जुनी झाडं उभी आहेत, पण त्यांच्या पायाशी नवी पिढी उगवत नाही. पाला पेटवण्याऐवजी झाडून काढावा, खाली जाळी अंथरावी, काही बिया तेलाच्या घाण्यापासून वाचवाव्यात आणि ज्याचा बांध रिकामा आहे त्यानं येत्या पावसाळ्यात तिथं मोह लावावा.