कातडी परत कशी येते? पुण्याच्या नाकापासून खारघरच्या प्रयोगशाळेपर्यंत

दिवाळीच्या दिवसांत दरवर्षी एक तरी आई भाजलेलं मूल घेऊन माझ्याकडे येते. अनार हातातच फुटलेला असतो, नाहीतर विझलेल्या फुलबाजीच्या तापलेल्या तारेवर पाय पडलेला असतो. जखमेवर टूथपेस्ट, हळद, क्वचित शाईसुद्धा लावलेली असते. ते सगळं हलक्या हाताने धुऊन काढलं की आईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, डाग राहील का हो?"

माझं उत्तरही ठरलेलं आहे. "दोन आठवडे थांबा, जखमच सांगेल." पुष्कळांना वाटतं, डॉक्टर टाळतायत. खरं तर या उत्तरामागे दोनशे वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि त्याचे बरेच धागे पुणे, मुंबई आणि आपल्या नवी मुंबईतून जातात. आज तोच सांगतो.

कपाळाची कातडी नाकावर

१७९२ च्या सुमाराची गोष्ट. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायच्या कामावर होता. टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईत तो पकडला गेला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं.

त्या माणसाने मेणाच्या पातळ पत्र्याचं नाक बनवलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं आणि भोवती रेघ मारली. तेवढी कातडी सोडवली, पण दोन भुवयांच्या मध्ये एक पट्टी जोडलेलीच ठेवली. मग कातडी फिरवून खाली आणली आणि नाकाच्या जागी कात लावून चिकटवली. साधारण २५ दिवसांनी ती जोडपट्टी कापली. मुंबई इलाख्यातले क्रूसो आणि फिंडले हे दोन इंग्रज डॉक्टर याचे साक्षीदार होते. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये हा वृत्तान्त चित्रासह छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ साली लंडनमध्ये अशीच शस्त्रक्रिया केली. युरोपातल्या आधुनिक प्लास्टिक सर्जरीची सुरुवात इथूनच मानतात. कावसजीचं नाव इतिहासात राहिलं. नाक करणाऱ्याचं नाव मात्र त्या वृत्तान्तात नाही.

त्या कारागिराला एक गोष्ट नक्की ठाऊक होती. कातडी जगायला रक्त लागतं, म्हणून पट्टी लगेच कापायची नाही. दुसरी गोष्ट आपल्याला अलीकडे कळली. कातडी आपलं मूळ गाव विसरत नाही. मांडीची कातडी तळहातावर लावली तरी ती तळहातासारखी जाड होत नाही. कातडीच्या आतल्या थरातल्या पेशींमध्ये 'हॉक्स' नावाच्या जनुकांचा एक ठरावीक संच चालू असतो. तो जणू त्या पेशीचा कायमचा पत्ता असतो. गर्भात असतानाच हा पत्ता लिहिला जातो.

रोजचं दही आणि विरजण

आता कातडी रोज नवी कशी होते ते बघू. आपल्या घरात रोज दही संपतं, पण चमचाभर विरजण बाजूला ठेवलेलं असतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा दही लागतं. कातडीच्या वरच्या भागात, म्हणजे बाह्यत्वचेत, हेच चालतं. तिच्या सगळ्यात तळाच्या थरात स्टेम सेल असतात. ही पेशी विभागली की साधारणपणे एक पेशी विरजण म्हणून तळाशीच राहते आणि दुसरी वर चढू लागते.

वर चढताना तिच्यातली जनुकं बदलतात. तळाशी असताना केराटिन ५ आणि १४ ही प्रथिनं बनत असतात. वर निघाली की ती जनुकं मंदावतात आणि केराटिन १ व १० ची सुरू होतात. पेशी चपटी होते, केराटिनने भरते, शेवटी मरते आणि गळून पडते. तळापासून वरपर्यंतचा हा प्रवास महिनाभराचा, कधी थोडा जास्तीचा. अंघोळीला अंग चोळताना जो मळ निघतो, त्यात या मेलेल्या पेशी भरपूर असतात.

या सगळ्यामागचं एक मोठं जनुक म्हणजे पी-६३. १९९९ साली दोन वेगवेगळ्या गटांनी हे जनुक काढून टाकलेले उंदीर जन्माला घातले. त्यांना नीट कातडीच नव्हती. अंगावरून पाणी उडून गेल्यामुळे ते जन्मल्यावर लगेच दगावले. गर्भात कातडीची सुरुवात पेशींच्या एकाच थराने होते. त्या थराचे अनेक थर व्हायला आणि पुढे जन्मभर विरजण टिकायला पी-६३ लागतं. माणसात या जनुकात बिघाड झाला तर काही बाळं दुभंगलेले हात-पाय आणि फाटलेला ओठ घेऊन जन्मतात.

दोन आठवडे का थांबायचं?

भाजल्यावर तळाचा थरच गेला, तर कातडी येणार कुठून? याचं उत्तर केसांच्या मुळाशी आहे. केसाचं मूळ कातडीत खोलवर गेलेलं असतं आणि त्याच्या बाजूला एक छोटा फुगवटा असतो. १९९० साली कॉट्सरेलिस, सन आणि लावकर या संशोधकांनी दाखवून दिलं, की तिथे अगदी हळू विभागणाऱ्या पेशी दडलेल्या असतात. हे शरीराचं राखीव विरजण. कातडी भाजली, पण केसांची मुळं आणि घामाच्या नळ्या शाबूत राहिल्या, तर तिथून पेशी बाहेर सरकतात आणि जखम आतून झाकली जाते. लाल जखमेत बेटांसारखे गुलाबी ठिपके दिसू लागतात.

म्हणून दोन आठवडे. तेवढ्यात जखम भरत आली, तर राखीव साठा शाबूत आहे आणि डाग राहिला तरी सहसा फिका राहतो. तीन आठवड्यांनंतरही उघडीच राहिली, तर भाजणं खोल आहे. तिथे कातडी लावावी लागते, आणि त्या जागी केस परत येत नाहीत. कारण माणसात केसांची मुळं गर्भातच तयार होतात, नंतर नवी बनत नाहीत.

धोतराची गाठ

विरजणाला फार ढवळलं तरी बिघडतं. हे सांगणारा माणूस मुंबईचा होता. टाटा मेमोरियल रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली डॉ. सूर्याबाई यांच्यासह एक शोधनिबंध लिहिला. कमरेला वर्षानुवर्षं घट्ट धोतर नेसणाऱ्यांना नेमक्या त्याच रेषेवर कातडीचा कर्करोग होतो, हे त्यांनी मांडलं. साडीच्या गाठीखालीही असा कर्करोग दिसतो. रोज घासणं, रोज छोटी जखम, रोज दुरुस्ती. पेशी जितक्या वेळा विभागतात, तितक्या वेळा जनुकांची नक्कल करताना चूक होण्याची संधी मिळते.

घाबरू नका, हा कर्करोग दुर्मीळ आहे. पण कमरेवरचा चट्टा किंवा भाजल्याच्या जुन्या व्रणावरची जखम महिनाभर भरत नसेल, तर ती डॉक्टरांना दाखवा.

खानोलकर पुढे १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले. तिथेच पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, देशातली पहिली मानली जाणारी प्रयोगशाळा उभी केली.

बटाट्याची सालं, केळीची पानं

मी इंटर्न होतो तेव्हा भाजलेल्यांच्या वॉर्डात माझी ड्युटी होती. स्टोव्हचा भडका उडून निम्म्याहून अधिक भाजलेली एक तरुण मुलगी तिथे होती. तिच्या अंगावर लावायला तिची स्वतःची कातडी पुरेशी उरली नव्हती. रोज ड्रेसिंग बदलताना ती माझा हात घट्ट धरायची. बाराव्या दिवशी जंतुसंसर्गाने ती गेली. विरजण थोडं शिल्लक होतं, पण ते वाढेपर्यंत भांडं झाकायला काही नव्हतं.

हे झाकण शोधण्याचं मोठं काम मुंबईत झालं. वाडिया बाल रुग्णालयातले डॉ. मनोहर केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालांचं ड्रेसिंग वापरलं आणि १९८५ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. शीव रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांचं ड्रेसिंग अभ्यासलं. दोन्ही स्वस्त, आणि मुख्य म्हणजे जखमेला न चिकटणारी. (हे रुग्णालयात निर्जंतुक करून वापरतात. घरी करायचा प्रयोग नव्हे!) २००० साली डॉ. गोरे यांनी शीव रुग्णालयात त्वचा पेढी सुरू केली. आज आपल्या ऐरोलीतल्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही त्वचा पेढी आहे.

दान केलेली त्वचा कायमची टिकत नाही. साधारण दोन-तीन आठवड्यांत शरीर ती नाकारतं. पण तेवढ्या काळात अंगातलं पाणी आत राहतं, जंतू बाहेर राहतात, वेदना कमी होतात, आणि रुग्णाच्या स्वतःच्या पेशींना वेळ मिळतो.

तिकिटाएवढ्या कातडीतून

१९७५ साली अमेरिकेत राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी माणसाच्या बाह्यत्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत मोठ्या प्रमाणावर वाढवून दाखवल्या. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या तुकड्यातून आता कातडीच्या चादरी तयार होऊ लागल्या. १९८३ मध्ये ९५ टक्क्यांहून अधिक भाजलेली दोन लहान भावंडं अशा चादरींमुळे वाचली.

२०१५ साली जर्मनीतल्या बोखुम शहरात सात वर्षांचा एक सीरियन मुलगा दाखल होता. जन्मजात जनुकीय दोषामुळे त्याची कातडी नुसत्या स्पर्शाने सुटून यायची. इटलीतले मिकेले दे लुका यांच्या गटाने त्याच्याच पेशी घेऊन त्यांत बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत घातली आणि त्याची सुमारे ८० टक्के बाह्यत्वचा नव्याने लावली. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तपासात दिसलं, की ती सगळी त्वचा थोड्याशाच, दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टेम सेलवर चालली आहे. विरजण चमचाभरच असतं, ते असं.

खानोलकरांच्या संस्थेचा वारसा सांगणारं 'अ‍ॅक्ट्रेक' हे केंद्र २००२ पासून आपल्या खारघरमध्ये आहे. तिथल्या डॉ. संजीव वाघमारे यांच्या गटाने २०१६ साली दाखवलं, की उंदराच्या कातडीत एका विशिष्ट विकराचं जनुक जास्त चालवलं, तर केसांच्या मुळाशी असलेला राखीव साठाच आटतो. विरजण कधी जपलं जातं, कधी संपतं आणि कधी कर्करोगाकडे वळतं, हे प्रश्न आज आपल्या घरापासून काही किलोमीटरवर सोडवले जात आहेत.

आपण काय करायचं?

भाजल्यावर लगेच जखम २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको. पाण्याने उष्णता खोल जाण्याआधी थांबते आणि राखीव पेशी वाचतात. 'स्टेम सेल' लिहिलेल्या महागड्या क्रीमवर पैसे घालवू नका. डबीत जिवंत स्टेम सेल टिकत नाहीत.

आणि शेवटची गोष्ट त्वचादानाची. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ते करता येतं. मांड्या, पाय आणि पाठीवरून कागदासारखा पातळ थर घेतात. अर्धा-पाऊण तास लागतो, शरीर विद्रूप होत नाही, रक्तगट जुळवावा लागत नाही. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, त्वचेचा कर्करोग किंवा संसर्ग असेल तर मात्र दान घेत नाहीत. टीम घरी येते.

हे सगळं मला पाठ आहे. तरीही माझे वडील गेले त्या रात्री नातेवाईकांना फोन, दाखला, गुरुजी या धावपळीत मला त्वचादान आठवलं ते पहाटे, आठ तास उलटून गेल्यावर. वडिलांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. मीच त्यांना विचारलं नव्हतं. तेव्हा ती इंटर्नशिपमधली मुलगी आठवली.

म्हणून आता क्लिनिकमध्ये भाजण्याचा विषय निघाला की मी हाही विषय काढतो. आज जेवताना घरात एकदा बोलून घ्या, आणि जवळच्या त्वचा पेढीचा फोन नंबर घरातल्या दोन माणसांच्या मोबाइलमध्ये ठेवा. वेळ येते तेव्हा शोधायला सवड नसते.