जगज्जेतेपदाचा उंबरठा

फुटबॉलचा पहिला विश्वचषक १९३० साली उरुग्वेत झाला, तेव्हा पात्रता फेरी नावाची गोष्टच नव्हती. देशोदेशी निमंत्रणं गेली आणि जे हो म्हणाले ते आले. युरोपातून चारच संघ निघाले: फ्रान्स, बेल्जियम, रुमानिया आणि युगोस्लाव्हिया. अटलांटिक ओलांडून जायचं, खेळायचं आणि परतायचं, तर आठवडेच्या आठवडे नोकरीतून रजा हवी. ती बहुतेकांना मिळणं शक्य नव्हतं. ‘काँते व्हेर्दे’ या एकाच बोटीतून तीन युरोपीय संघ आणि खुद्द चषक माँतेव्हिदेओला पोचला. स्पर्धेत संघ भरले तेरा.

चार वर्षांनी इटलीत चित्र पालटलं. जागा सोळा आणि इच्छुक बत्तीस. मग निवडायचे कसे? त्या अडचणीतून पात्रता फेरी जन्माला आली. ११ जून १९३३ रोजी स्टॉकहोममध्ये स्वीडननं एस्टोनियाला ६–२ असं हरवलं. विश्वचषकाच्या इतिहासातला हा पहिला पात्रता सामना. पुढच्या जगभरच्या सगळ्या पात्रता फेऱ्या, गट, गोलफरकाच्या आकडेमोडी आणि शेवटच्या मिनिटाला ढासळलेली स्वप्नं, या सगळ्यांचा मूळपुरुष तो. नाशिकच्या विदित गुजराथीला २०२४ साली टोरांटोत जगातल्या आठ निवडक बुद्धिबळपटूंमध्ये जे आसन मिळालं, त्याची भावकीही इथेच जुळते. खेळ वेगळा आहे, प्रश्न तोच: जगज्जेतेपदाच्या दारापर्यंत कुणी जायचं, आणि ते ठरवायचं कुणी?

सुरुवातीला हे नियम चाचपडतच झाले. १९३४ मध्ये यजमान इटलीलाही पात्र ठरावं लागलं. मिलानमध्ये त्यांनी ग्रीसला ४–० असं नमवलं तेव्हा कुठे त्यांना स्वतःच्याच स्पर्धेत प्रवेश मिळाला. मेक्सिकोच्या नशिबी त्याहून कठीण आलं. समुद्र पार करून तो संघ रोमला पोचला, स्पर्धेच्या तोंडावर अमेरिकेशी एक पात्रता सामना खेळला, हरला आणि विश्वचषक न खेळताच माघारी गेला. यजमान आणि गतविजेत्याला थेट प्रवेश देण्याची रीत १९३८ पासून पडली.

नियम कागदावर कितीही नेटके दिसोत, निकाल बरोबरीत सुटला की त्यांची कसोटी लागते. १९५४ च्या विश्वचषकासाठी स्पेन आणि तुर्कस्तान यांच्यात एकच जागा होती. माद्रिदमध्ये स्पेन ४–१ जिंकला, इस्तंबूलमध्ये तुर्कस्तान १–० जिंकला. एकूण गोल मोजायची पद्धत तेव्हा लागू नव्हती, म्हणून तिसरा सामना रोमला ठेवला, आणि तो २–२ असा सुटला. आता? चिठ्ठी टाकायची ठरली. तिथल्याच एका चौदा वर्षांच्या मुलाचे डोळे बांधले, त्यानं हात घातला आणि तुर्कस्तानचं नाव निघालं. तीन सामन्यांत मिळून सहा गोल करणारा स्पेन घरी बसला. आज गोलफरक, पेनल्टी शूटआउट वगैरे तरतुदींचा कंटाळा येतो खरा. पण त्यातली प्रत्येक तरतूद अशाच कुठल्यातरी अन्यायाची भरपाई म्हणून आलेली आहे.

भारताचं नावही या कुळकथेत येतं. १९५० साली आपल्या गटातल्या इतर देशांनी माघार घेतली आणि एकही सामना न खेळता भारत ब्राझीलच्या विश्वचषकासाठी पात्र ठरला. गेला मात्र नाही. अनवाणी खेळू देत नव्हते म्हणून गेला नाही, ही गोष्ट आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. पण भारतीय फुटबॉल महासंघानं त्या वेळी पुढे केलेली कारणं सरावाला वेळ नसणं आणि संघनिवडीतले मतभेद ही होती. त्या काळी आपल्या खेळाडूंना ऑलिंपिकपुढे विश्वचषकाचं फारसं अप्रूपही नव्हतं. पुढे १९५८ च्या वेळी इस्रायलविरुद्ध खेळायला एकामागून एक देश नकार देत गेले आणि इस्रायल न खेळताच पात्र ठरणार असं दिसू लागलं, तेव्हा फिफानं ते मान्य केलं नाही. किमान एक प्रतिस्पर्धी हरवायलाच हवा. युरोपात आपापल्या गटात दुसऱ्या आलेल्या संघांतून चिठ्ठी काढली गेली, नशीब वेल्सचं फळफळलं, आणि दोन्ही सामने २–० असे जिंकून वेल्स स्वीडनला गेला. एका गटात हरलेला संघ आशिया-आफ्रिकेच्या वाट्याच्या जागेवरून विश्वचषकात पोचला.

आजची युरोपची पद्धत या सगळ्या ठेचांमधून घडली आहे. २०२६ च्या विश्वचषकात संघ अठ्ठेचाळीस, त्यात युरोपच्या जागा सोळा. चोपन्न देशांचे बारा गट, प्रत्येक गटात चार किंवा पाच संघ. प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर खेळायचं. बारा गटविजेते थेट आत. उरलेल्या चार जागांसाठी बारा उपविजेते आणि त्यांच्या जोडीला नेशन्स लीगमध्ये चमकूनही गटात पहिल्या दोघांत न आलेले चार संघ, अशा सोळांची बाद फेरी. तिथे मात्र एकाच सामन्यात निकाल. हा एकाच सामन्याचा फासा किती निर्दयी असतो ते इटलीला विचारावं. २०२१ साली युरोपचा विजेता ठरलेला हा संघ काही महिन्यांतच पालेर्मोत नॉर्थ मॅसिडोनियाकडून ०–१ हरला आणि सलग दुसऱ्या विश्वचषकाला मुकला.

आता बुद्धिबळाकडे वळू. तिथलं दार कितीतरी जास्त काळ बंद होतं, कारण त्याची किल्ली खुद्द जगज्जेत्याच्या खिशात होती. आव्हान कुणाचं स्वीकारायचं, कधी आणि किती पैशांवर, हे तोच ठरवी. १९२२ साली तेव्हाच्या जगज्जेत्या कापाब्लांकानं लंडनमध्ये नियम घालून दिले आणि त्या काळच्या बड्या खेळाडूंनी त्यावर सह्या केल्या: आव्हानवीरानं किमान दहा हजार डॉलरची थैली उभी करावी. रुबिनस्टाइनला ती जमली नाही, निम्झोविचला जमली नाही. अलेखाइनला अर्जेंटिनातून पाठबळ मिळालं, म्हणून १९२७ ची लढत ब्वेनोस आयरेसला झाली. अलेखाइन जिंकला आणि त्यानंतर कापाब्लांकाला त्यानं पुन्हा संधी दिलीच नाही. पटावर ज्याला हरवायचं, त्याचीच परवानगी आधी मिळवायची, असा तो विचित्र व्यवहार होता.

मार्च १९४६ मध्ये अलेखाइन जगज्जेता असतानाच पोर्तुगालमध्ये वारला. पद रिकामं झालं आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाला, म्हणजे फिडेला, अखेर ती किल्ली हाती घेता आली. तरीही १९४८ ची पहिली लढत निमंत्रितांचीच होती: द हेग आणि मॉस्कोत पाच जण खेळले, बोत्विनिक जिंकला. खरी शिडी त्याच वर्षी स्टॉकहोमजवळच्या साल्टशोबाडेनला लागली. जगाचे विभाग पाडायचे, विभागातून आंतरविभागीय स्पर्धेत, तिथून कँडिडेट्समध्ये आणि तिचा विजेता जगज्जेत्यासमोर. तीन वर्षांचं चक्र. पहिली आंतरविभागीय स्पर्धा ब्रॉनस्टाइननं जिंकली आणि १९५१ मध्ये तो बोत्विनिकसमोर बसला. थैलीचा प्रश्नच उरला नाही.

या शिडीमुळे दूरच्या देशांना वाट मिळाली. १९६२ च्या स्टॉकहोम आंतरविभागीय स्पर्धेत मद्रासचे मॅन्युएल ॲरन विभागीय विजेते म्हणून पोचले. गुणतक्त्यात ते तळाशी राहिले, तरी पोर्टिश आणि उलमान या दोन भक्कम ग्रँडमास्टरांना त्यांनी हरवलं. ज्या देशात तेव्हा एकही ग्रँडमास्टर नव्हता, तिथल्या माणसाला फिशर आणि पेट्रोसियान ज्या सभागृहात खेळत होते तिथे बसता आलं, ते या विभागवार जागांमुळे.

त्याच वाटपाचा जाच लिओनिद स्टाइननं भोगला. एकाच देशाच्या खेळाडूंनी कँडिडेट्स भरून जाऊ नये म्हणून सोव्हिएत खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा होती. १९६४ ला ॲम्स्टरडॅममध्ये पहिले सहा जण पुढे जायचे होते. स्टाइन पाचवा आला, ब्रॉनस्टाइन सहावा, आणि दोघंही सोव्हिएत असल्यामुळे गळाले. त्यांच्या जागी त्यांच्या मागे असलेले गेले. प्रदेशाला न्याय द्यावा की खेळाडूला, हा पेच पात्रतेच्या प्रत्येक पद्धतीत असतो, आणि तो पूर्णपणे सुटल्याचं एकही उदाहरण दिसत नाही.

नाशिक जिल्ह्याला या पेचाच्या सगळ्या बाजू ठाऊक आहेत. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ लष्करात गेल्यावर रोइंग शिकला. एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या चुंगजूला आशिया-ओशनियाच्या पात्रता शर्यतीत त्यानं रौप्य मिळवलं आणि रिओ ऑलिंपिकची जागा पटकावली. ते खंडाच्या वाट्याचं दार होतं. पण रिओत एकेरी रोइंगमध्ये तो तेरावा आला, आणि त्या जागेबद्दल कुणाला शंका उरली नाही. त्याच वर्षी सावरपाडा एक्सप्रेस कविता राऊतनं गुवाहाटीत दक्षिण आशियाई स्पर्धेतली मॅरेथॉन २ तास ३८ मिनिटं ३८ सेकंदांत जिंकून रिओ गाठलं. तिच्या दाराला पहारेकरी होता तो फक्त घड्याळाचा.

विदितचं दार तिसऱ्याच प्रकारचं. विभागांवर उभी असलेली जुनी आंतरविभागीय स्पर्धा १९९३ ला बीलमध्ये शेवटची झाली; मग जगज्जेतेपदच दुभंगलं आणि ते जुळेपर्यंत २००६ उजाडलं. आता कँडिडेट्सचे आठ जण वेगवेगळ्या वाटांनी येतात: विश्वचषक, ग्रँड स्विस, वर्षभरातली कामगिरी, मानांकन. विदितनं आधी विश्वचषकाची वाट धरली. ऑगस्ट २०२३ मध्ये बाकूला त्यानं नेपोम्नियाशीला बाद केलं. उपांत्यपूर्व फेरीत मात्र निजात अबासोवनं टायब्रेकमध्ये त्याला रोखलं. विजेत्या कार्लसननं कँडिडेट्समधली आपली जागा सोडल्यानं चौथा आलेला अबासोव थेट कँडिडेट्समध्ये गेला.

उरली ग्रँड स्विस. ही स्विस पद्धत १८९५ साली झुरिकच्या एका बुद्धिबळ स्पर्धेत पहिल्यांदा वापरली गेली. कुणी बाद होत नाही. प्रत्येक फेरीत समान गुण असलेल्यांच्या जोड्या लागतात. जिंकलात की समोर जिंकणाराच येतो, हरलात की हरलेला. शंभरावर खेळाडू अकरा फेऱ्यांत चाळून निघतात, आणि कोण कुठल्या खंडाचा हे कुणी विचारत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावरच्या डग्लस शहरात विदित पहिल्याच फेरीत नेदरलँड्सच्या एर्विन लामीकडून हरला. पहिल्या दोघांनाच कँडिडेट्सचं तिकीट असलेल्या स्पर्धेत अशा सुरुवातीनंतर बहुतेकांचा धीर खचतो. विदितनं उरलेल्या दहा डावांत साडेआठ गुण केले: सात विजय, तीन बरोबरी, हार एकही नाही. शेवटच्या फेरीत प्रेडकेला हरवून तो एकटा पहिला आला; हिकारू नाकामुरा दुसरा. बाद पद्धत असती तर पहिल्याच दिवशी बॅग भरावी लागली असती. स्विस पद्धतीचा मोठेपणा हाच, की ती एका वाईट दिवसावरून माणसाची किंमत ठरवत नाही.

टोरांटोत एप्रिल २०२४ मध्ये दुसऱ्याच फेरीत समोर नाकामुरा. विदितकडे काळी मोहरी. त्यानं घरून तयार करून आणलेल्या बर्लिन बचावात नाकामुराच्या राजासमोरच्या प्याद्यावर उंट वाहिला आणि डाव जिंकला. क्लासिकल डावांत सत्तेचाळीस सामने न हरलेल्या नाकामुराची मालिका तिथे तुटली. नवव्या फेरीत पांढऱ्यांनी पुन्हा तेच. विदितचे शेवटी सहा गुण झाले आणि क्रमांक सहावा, हे खरं. पण नाकामुरा विजेत्या गुकेशच्या फक्त अर्धा गुण मागे राहिला. त्या वर्षी जगज्जेत्यासमोर कोण बसणार, हे ठरवण्यात नाशिकच्या खेळाडूचा केवढा वाटा होता, ते गुणतक्त्यातला सहावा क्रमांक सांगत नाही.

त्यानंतर या वाटेवरच्या दोन टप्प्यांना गोवा आणि महाराष्ट्राची साथ मिळाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये विश्वचषक गोव्यात झाला. दोनशे सहा खेळाडू, बाद पद्धत, पहिल्या तिघांना कँडिडेट्स. उझबेकिस्तानचा एकोणीस वर्षांचा सिंदारोव जिंकला, एकही भारतीय पुढे गेला नाही. त्याच्या चार महिने आधी जॉर्जियातल्या बातुमीत नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषकात पंधराव्या मानांकनावरून खेळायला बसली होती. उपांत्य फेरीत माजी जगज्जेती तान झोंगयीला हरवताच २०२६ च्या महिला कँडिडेट्समधली तिची जागा पक्की झाली. अंतिम फेरीत कोनेरू हंपीसोबतचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले, निकाल जलद डावांवर गेला, आणि २८ जुलैला दुसरा जलद डाव जिंकून दिव्या विश्वचषक आणि ग्रँडमास्टर किताब एकाच दिवशी घेऊन उठली.