सोळावा प्रयत्न

वर्गात दोन मुले एकदम बोलू लागली की मला ‘अलोहानेट’ आठवते. १९७१ साली हवाई बेटांतून एकाच रेडिओलहरीवर संगणकाकडे निरोप जाऊ लागले; पोच आली नाही, तर थोडे थांबून तोच निरोप पुन्हा धाडायचा. १९७३ साली कॅलिफोर्नियात रॉबर्ट मेटकाफ यांनी यावरूनच ‘इथरनेट’ कल्पिले. तार एक, बोलणारे अनेक! नियंत्रक बोलताना कानही देई. टक्कर झाली की आवरते घेई, आणि फाशाचे दान पडावे तितका वेळ थांबून पुन्हा बोले. १९८० सालच्या नियमावलीप्रमाणे सोळाही प्रयत्न फसले, की तो आपल्या संगणकाला ‘निरोप गेला नाही’ असे कळवी. शिक्षक म्हणून मला त्याच्या चिकाटीपेक्षा ही कबुलीच मोठी वाटते. चूक लपविणाऱ्यावर पुढचा निरोप कोण सोपवील?