धोटा, थुंकी आणि धुरीणत्व

समकालीन राजकीय तत्त्वज्ञानात ‘शरीर’ ही संकल्पना मध्यवर्ती झाली ती मुख्यतः मिशेल फुकोमुळे. तुरुंग, बराक, शाळा, कारखाना या संस्था शरीराला एकाच वेळी उपयुक्त आणि आज्ञाधारक कसे बनवतात, हे त्याने १९७५च्या ग्रंथात दाखवले. आमच्या वर्गांत हा फुको त्याच्या फ्रेंच उदाहरणांसकट येतो आणि विद्यार्थी ती निमूट उतरवून घेतात. परळ-लालबागच्या गिरण्यांतील साळखात्याकडे मात्र या चर्चेत फारसे कोणी वळत नाही.

या खात्यात मागावर धोटा इकडून तिकडे धावे. त्याच्या पोटात आडव्या सुताची कांडी असे. कांडी संपली की नवी बसवायची आणि सुताचे टोक धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढायचे. विणकर हे तोंडाने करी. छिद्राला ओठ लावून श्वास आत ओढला की सूत बाहेर येई. सुताबरोबर तंतूही घशात जात, ही गोष्ट वेगळी. या एका कृतीच्या आधारे अस्पृश्य कामगारांना साळखात्याची दारे बंद होती. त्यांच्या थुंकीने सूत विटाळेल, असे सवर्ण विणकरांचे म्हणणे. विणकाम हे गिरणीतील चांगल्या पगाराचे काम. अस्पृश्यांच्या वाट्याला प्रामुख्याने कमी मजुरीचे रिंग कताईचे खाते येई.

अशा प्रकारे तोंडाने सूत ओढण्याची पद्धत लँकेशायरमध्येही होती. तिथे तिला ‘धोट्याचे चुंबन’ म्हणत. तिच्यावर आक्षेप आला तो रोगसंसर्गाच्या भीतीने. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये १९११ साली आणि लँकेशायरमध्ये १९५२ साली तिच्यावर बंदी आली. थुंकी तीच, छिद्रही तेच. तिकडे ती जंतूंची वाहक ठरली, इकडे जातीची. शरीराला स्वतःचा अर्थ नसतो, तो समाज देतो, हे विधान ग्रंथांत अमूर्त वाटते; इथे त्याला मजुरीचा दर चिकटलेला आहे. शिवाय बदलीवर आलेल्या कामगाराच्या ओठी तोच धोटा जाई. साळखात्यात मराठा आणि मुसलमान दोघेही होते. म्हणजे परक्याची थुंकी सर्वथा वर्ज्य होती असे नाही. नेमकी कोणाची वर्ज्य, एवढेच ठरलेले होते. चांगल्या पगाराच्या जागा राखणे हाही त्यामागचा हेतू होता, असे अभ्यासक म्हणतात. आम्हांला ते पटते. पण केवळ तेवढेच म्हटल्यास प्रश्न निसटतो. पगाराचा हिशेब उघड बोलून दाखवता येत नाही, किळस मात्र बोलून दाखवता येते, कारण ती बोलणाऱ्याला स्वतःलाही खरीच वाटत असते.

१९२८च्या एप्रिलमध्ये गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला आणि तो सुमारे सहा महिने चालला. याच काळात, जून १९२८मध्ये, इटलीत आंतोनिओ ग्राम्शीला वीस वर्षांची शिक्षा झाली. पुढे तुरुंगातील वह्यांत त्याने धुरीणत्वाची, म्हणजे सक्तीइतकीच संमतीवर चालणाऱ्या सत्तेची, मांडणी केली. परळच्या बी.आय.टी. चाळीत राहणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी त्या संपात गिरणी कामगार युनियनच्या पुढाऱ्यांपुढे मागणी ठेवली, की अस्पृश्यांना सर्व खात्यांत, विशेषतः विणकामात, प्रवेश मिळाला पाहिजे. आंबेडकरांनी आग्रह धरल्यावर ती मागण्यांच्या यादीत आली, तीही नाखुशीने. मालकांचे उत्तर असे, की हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे.

हे उत्तर कावेबाज होते, पण सर्वस्वी खोटे नव्हते. साळखात्याच्या दारावर मालकाला पहारा ठेवावा लागत नव्हता. तो कामगारच ठेवीत होते. ज्याची स्वतःची छाती तंतूंनी भरत होती, तोच शेजाऱ्याच्या ओठांचा विटाळ मानीत होता. ग्राम्शीला ‘सर्वसामान्य समज’ म्हणून जे अभिप्रेत होते, ते इथे मतांत नव्हे तर जिभेवर आणि घशात मुरलेले दिसते. म्हणूनच एका वर्गाचे सामाईक हितसंबंध समजावून सांगणारे भाषण तिथपर्यंत पोहोचत नव्हते. १९२९च्या संपाला आंबेडकरांनी विरोध केला, त्याकडे ही पार्श्वभूमी ध्यानात घेऊन पाहावे लागते. जातीने श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी केली आहे, हा १९३६च्या ‘जातिनिर्मूलना’तील विचार अशा अनुभवांजवळच घडला असावा, असे आमचे मत आहे. त्याच वर्षी त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि ७ नोव्हेंबर १९३८च्या एक दिवसाच्या संपात ते कम्युनिस्टांबरोबर एकत्र उभे राहिले. ते ऐक्य दोघांच्याही दृष्टीने सोपे नव्हते.

अलीकडे गोपाळ गुरू आणि सुंदर सरुक्काई यांनी ‘द क्रॅक्ड मिरर’ (२०१२) या ग्रंथात अनुभव आणि स्पर्श यांना तात्त्विक प्रश्नांचा दर्जा दिला. मराठीच्या अभ्यासकाने तो ग्रंथ नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) आणि बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ (१९६३) या पुस्तकांशेजारी ठेवून वाचावा. दोन्हींत राबणारे शरीर आहे. सुर्व्यांच्या कवितेत ते कामगार म्हणून इतरांत मिसळते. बागुलांच्या कथेत रेल्वेच्या नोकरीत मिसळून गेलेले तेच शरीर जात उघड होताच सहकाऱ्यांचा मार खाते.