घोड्याच्या घरघरीपासून टर्बोच्या शिट्टीपर्यंत

वॉरंटीसह घेतलेली जुनी गाडी दोन-तीन आठवडे नीट चालते आणि मग ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून बारीक, चढत जाणारी शिट्टी ऐकू येऊ लागते. मेकॅनिक म्हणतो, टर्बो जायला आला आहे. डीलर म्हणतो, टर्बोची गाडी आहे, एवढा आवाज यायचाच. वॉरंटी देणारी कंपनी म्हणते, ही झीज आहे, बिघाड नव्हे. हा वाद मोटारीच्या युगातला वाटतो, पण मोटार जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून तो बाजारात चालू आहे. त्याच्या पोटात तीन प्रश्न असतात. आवाज हा दोष मानायचा का? मानला तर तो विक्रीच्या दिवशी होता का? आणि होता किंवा नव्हता हे सिद्ध कोणी करायचे? पहिल्या दोन प्रश्नांवर बरीच डोकेफोड होते. इतिहास पाहिला तर असे दिसते की निकाल बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नाने लावला, आणि आपल्या कायद्यात नेमका तोच प्रश्न अजून नीट सोडवलेला नाही.

वापरलेल्या किंवा जिवंत मालाचा दोष लगेच दिसत नाही, ही जाण फार जुनी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात विकत घेतलेल्या वस्तू पारखण्याच्या मुदती दिल्या आहेत: बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक दिवस, ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच दिवस, रत्नांना सात दिवस, दुभत्या जनावराला तीन दिवस. त्याच यादीत दासदासींसाठीही मुदती आहेत आणि त्या काळाचे क्रौर्य तिथे उघड दिसते. पण मुदती वेगवेगळ्या ठेवण्यामागचा विचार व्यवहारी आहे. ज्या मालाचा दोष उघड व्हायला जितका वेळ लागतो, तितका वेळ घेणाऱ्याला मिळावा. लोखंड ठोकून लगेच कळते, बी पेरल्याशिवाय कळत नाही. कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी विज्ञानेश्वराने याच स्मृतीवर मिताक्षरा लिहिली आणि पुढे महाराष्ट्रातल्या न्यायव्यवहारात तिला मोठा मान होता. रोममध्येही बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांनी, म्हणजे एडाइलांनी, गुलाम आणि जनावरे विकणाऱ्यांवर दोष उघड सांगण्याची सक्ती केली होती. दोष लपवलेला निघाला तर सहा महिन्यांत सौदा मोडता येई आणि वर्षभरात किंमत कमी करून मागता येई. दोष आपल्याला ठाऊकच नव्हता, ही विकणाऱ्याची सबब तिथे चालत नसे.

इंग्लंडचा कायदा मात्र दीर्घकाळ उलट्या वाटेने गेला. 1603 सालच्या चँडेलर विरुद्ध लोपस या खटल्यात एका सोनाराने बेझोआर म्हणून एक खडा शंभर पौंडांना विकला. जनावराच्या पोटात तयार होणारा हा खडा विषावर उतारा समजला जाई. खडा तसा नव्हता, तरी गिऱ्हाईक हरले, कारण सोनाराने तो बेझोआर असल्याचे नुसते सांगितले होते, हमी दिली नव्हती. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, या तत्त्वाचा पाया असल्या निकालांत आहे. घोडेबाजारात याचा परिणाम असा झाला की 'घोडा निरोगी आहे' अशी स्पष्ट हमी मागून घेण्याची रीत पडली. तशी गरजही होती. म्हाताऱ्या घोड्याचे दात कोरून आणि डागून त्याला तरुण दाखवले जाई. दम लागलेल्या घोड्याला शिशाचे छर्रे आणि चरबी चारली की त्याचा श्वास काही तासांपुरता शांत होई, आणि सौदा तेवढ्या वेळात उरकला जाई. आज जुनी गाडी दाखवण्याआधी ओडोमीटर मागे फिरवणारे किंवा इंजिनात जाड ऑइल भरून खडखड दाबणारे जे करतात, ते याच धंद्याचे पुढचे रूप आहे.

या हमीवरून न्यायालयात गेलेल्या भांडणांत एक दोष वारंवार येतो, तो म्हणजे घोड्याची घरघर. घशाच्या डाव्या बाजूचा मज्जातंतू निकामी झाला की त्या बाजूचा स्वरयंत्राचा भाग लुळा पडून श्वासाच्या वाटेत लोंबतो. घोडा उभा असताना काही जाणवत नाही. तो भरधाव सोडला की श्वास आत घेताना मोठा घोगरा आवाज येतो. पारख करणारे घोड्याला भिंतीशी उभे करून बरगड्यांवर काठी मारल्याचा आव आणत आणि तो दचकून कण्हतो का ते ऐकत. 1810 साली बॅसेट विरुद्ध कॉलिस या खटल्यात न्यायमूर्ती लॉर्ड एलनबरो यांनी सांगितले की आवाज नुसत्या खोडीमुळे येत असेल आणि घोड्याच्या ताकदीवर परिणाम होत नसेल, तर घोडा निरोगीच. आवाजामागे रोग आहे हे घेणाऱ्याने दाखवावे. सात वर्षांनी, 1817 साली, ऑन्सलो विरुद्ध ईम्स या खटल्यात याच न्यायाधीशांपुढे तसलाच घोडा आला. या वेळी घरघर कशाने येते याविषयी पशुवैद्याची साक्ष होती, आणि घोड्याची उपयुक्तता कायमची घटवणारा विकार म्हणून ती दोष ठरली. दोन्ही निकालांत तत्त्व एकच आहे: आवाज हा दोषाचा पुरावा असू शकतो, त्याचे मूळ कशात आहे यावर सारे ठरते. निकाल फिरला तो पुराव्याने. पण तो पुरावा उभा करण्याचा भार दोन्ही वेळा घेणाऱ्यावरच होता, आणि पशुवैद्याची फी देण्याची ज्याची ऐपत नव्हती त्याला या तत्त्वाचा उपयोग नव्हता.

टर्बोचार्जरही श्वासाचेच यंत्र आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने 1905 साली त्याच्या मूळ कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूने एक चाक फिरवायचे, त्याच शाफ्टवरच्या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. मोटारीच्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो आणि बहुतेक टर्बोंत तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तो थर हेच त्याचे आयुष्य. ऑइल वेळेवर बदलले नाही की त्याची काजळी होऊन टर्बोकडे जाणारी बारीक नळी तुंबते, बेअरिंग कोरडे पडते, शाफ्ट डुलू लागतो आणि हवेचे चाक घराच्या भिंतीला घासू लागते. पोलिसांच्या सायरनसारखा चढणारा आवाज बहुधा इथून येतो. पण प्रत्येक आवाज इतका गंभीर नसतो. हवेच्या होज पाइपची क्लिप सैल असली तरी फुस्स अशी शिट्टी येते आणि ती अगदी थोड्या खर्चात थांबते. जादा दाब सोडणाऱ्या झडपेचा दांडा सैल झाला तर खुळखुळ येते. म्हणून चांगला मेकॅनिक आधी होज तपासतो, मग हवेचा पाइप काढून शाफ्ट बोटांनी हलवून बघतो. आडवी किंचित हालचाल चालते, कारण ऑइलच्या थरासाठी तेवढी जागा ठेवलेलीच असते. पुढे-मागे खेळ बोटाला जाणवला किंवा पात्यांच्या कडा घासलेल्या दिसल्या तर टर्बो गेला म्हणून समजावे. अशी झीज बहुधा महिनोन्‌महिने चुकलेल्या सर्व्हिसिंगची कमाई असते, चार दिवसांत ती क्वचितच होते.

हे यंत्र नाजूक आहे हे उत्पादकांनाही लवकर कळले. 1962 साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या टर्बो बसवलेल्या मोटारी बाजारात आल्या. जेटफायरला पाणी आणि मेथेनॉलचे मिश्रण वेगळ्या टाकीत भरत राहावे लागे, मालक ते विसरत, तक्रारी वाढल्या, आणि शेवटी टर्बो काढून साधी रचना बसवून देण्याची सोय कंपनीला करावी लागली. 1978 पासून साब 99 टर्बो आणि मर्सिडीझच्या टर्बो डिझेलने तंत्र स्थिरावले. आपल्याकडे रांजणगावात बनलेल्या फियाटच्या 1.3 लिटर डिझेल इंजिनाने आणि पुढे चाकणच्या टर्बो पेट्रोल गाड्यांनी हे यंत्र मध्यमवर्गीयांच्या दारात आणले. त्याच गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जात आहेत.

जुन्या मोटारीच्या दोषाबद्दल इंग्लंडमधले दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. 1965 सालच्या बार्टलेट विरुद्ध सिडनी मार्कस या खटल्यात एका जुन्या जॅग्वारच्या क्लचमध्ये किरकोळ काम आहे असे डीलरने सांगितले होते. प्रत्यक्षात दुरुस्तीला 84 पौंड लागले. लॉर्ड डेनिंग यांनी गिऱ्हाइकाची मागणी फेटाळली: जुनी गाडी घेणाऱ्याने आज ना उद्या काहीतरी निघणार हे धरूनच चालले पाहिजे. दहा वर्षांनी क्राउदर विरुद्ध शॅनन मोटर या खटल्यात पुन्हा जुनी जॅग्वार, पुन्हा लॉर्ड डेनिंग. गाडी 82 हजार मैल पळालेली होती. घेतल्यावर तीन आठवड्यांत, दोन हजारांवर मैल चालून, इंजिन जाम झाले. विक्रीच्या वेळीच इंजिनाचा जीव गेला होता, अशी आधीच्या मालकाची साक्ष झाली. न्यायालयाने मानले की इतक्या लवकर इंजिन जाम होणे हाच ते विक्रीच्या दिवशी योग्य नसल्याचा पुरावा आहे. मोटारींच्या बाबतीत या विचाराचे महत्त्व फार मोठे आहे. नंतर घडलेली गोष्ट मागच्या दिवसाबद्दल बोलू शकते, हे त्याने मान्य केले.

पुढची पायरी कायदेमंडळांनी चढली. युरोपीय संघाच्या 1999 च्या निर्देशाने नियम केला की व्यापाऱ्याने ग्राहकाला विकलेल्या वस्तूत सहा महिन्यांत दोष दिसला, तर तो देतानाच होता असे धरावे. नव्हता हे विकणाऱ्याने दाखवावे. ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यात हाच नियम आहे, शिवाय सदोष माल पहिल्या तीस दिवसांत परत करण्याचा हक्कही आहे. युरोपने 2019 च्या निर्देशात ही गृहीत धरण्याची मुदत एका वर्षावर नेली. बाजारात घेणाऱ्याला मुदत देणारी जुनी कल्पना या कायद्यांनी परत आणली आणि तिला पुराव्याच्या भाराची जोड दिली.

आपला 1930 चा मालविक्री कायदा 1893 च्या ब्रिटिश कायद्याच्या साच्यातला आहे. त्या ब्रिटिश कायद्याचे कर्ते मॅकेन्झी चाल्मर्स पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्यही होते. कलम 16 नुसार अशा मालाचा व्यापार करणाऱ्याने विकलेला माल विक्रीयोग्य असला पाहिजे. खासगी मालकाकडून घेतलेल्या गाडीला हे संरक्षण सहसा लागू होत नाही. ग्राहक संरक्षणाचा 2019 चा कायदा जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार करू देतो, आपण राहतो त्या जिल्ह्यातही करू देतो, आणि तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेत पाठवण्याची तरतूद करतो. पण सहा महिन्यांच्या गृहीतकासारखे काही त्यात नाही. दोष होता हे दाखवणे तक्रारदारावर येते, आणि प्रयोगशाळेची फीदेखील आधी त्यालाच भरायला सांगितली जाऊ शकते. ब्रिटनने आपला जुना साचा मोडून नवा केला. आपण साचा ठेवला, दुरुस्ती घेतली नाही.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला, जुनी गाडी जुनीच असते, झिजलेल्या भागाची हमी कशी द्यायची? मागणी तशी नाहीच. वय आणि किलोमीटर पाहता अपेक्षित झीज घेणाऱ्याने सोसावी. चालवता येणार नाही असा टर्बो चालू गाडी म्हणून विकू नये, इतकेच म्हणणे आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गिऱ्हाइकानेच ऑइल न पाहता गाडी दामटली असेल तर? तसे घडते. पण कोरड्या बेअरिंगवरची काळी काजळी, ऑइलच्या नळीची अवस्था, सर्व्हिसच्या नोंदी हे सारे बोलते, आणि विक्रीपूर्वी गाडी लिफ्टवर घेणाऱ्या डीलरला त्याची नोंद ठेवणे सोपे असते. गृहीतक खोडता येते. त्याला फक्त कागद लागतो, आणि तो कागद ठेवण्याची सोय विकणाऱ्याकडे आहे. तिसरा आक्षेप किमतीचा: जबाबदारी वाढली की गाड्या महागतील. थोड्या महागतीलही. पण जॉर्ज अकेरलॉफ यांनी 1970 सालच्या आपल्या निबंधात दाखवले की चांगली आणि खराब गाडी घेणाऱ्याला ओळखता येत नसेल, तर तो सगळ्यांनाच सरासरी भाव देतो आणि चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून निघून जातात. प्रामाणिक डीलरचे नुकसान या अविश्वासाने होते, हमीने नव्हे.

तोवर घेणाऱ्याने इतिहासाचा धडा स्वतःपुरता गिरवावा. वॉरंटीच्या कागदावर टर्बोचे नाव लिहून घ्यावे, 'झीज' म्हणजे काय हे विचारून तेही लिहून घ्यावे. शिट्टी ऐकू आली की गाडी तशीच दामटू नये, कारण फुटलेल्या चाकाचे तुकडे इंजिनात गेले तर आधीचा दोष आणि नंतरची हानी वेगळी काढणे अवघड होते. त्याच दिवशी तारीख, किलोमीटर आणि किती आरपीएमला आवाज येतो हे लिहून लेखी तक्रार द्यावी, व्हिडिओ करून ठेवावा, आणि दोन्ही पक्षांसमोर तपासणी झाल्याशिवाय टर्बो उघडू देऊ नये. बदलला तर ऑइलची नळी आणि फिल्टरही बदलायला लावावेत. नाहीतर तुंबलेली नळी नव्या टर्बोचाही बळी घेते. 1817 च्या खटल्यात पशुवैद्याच्या साक्षीने जे केले, ते आज हे कागद करू शकतात. पण प्रत्येक ग्राहकाने आपापला पुरावा गोळा करत फिरावे, ही कायद्याची जागा घेणारी व्यवस्था असू शकत नाही. गाडी कुठून आली, कशी ठेवली गेली, काय दुरुस्त केले हे ज्याला ठाऊक आहे, त्यानेच विक्रीनंतरचे पहिले सहा महिने उत्तर द्यावे. एवढी एक ओळ आपल्या ग्राहक कायद्यात यायला हवी, आणि ग्राहक संघटनांनी ती मागायला हवी.