बंदिवान आईबापांची मुले : शिवनेरीपासून खेडपर्यंत

१/ आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचे जन्मगाव. गावाच्या उत्तरेस जुन्नरचा शिवनेरी, तर दक्षिणेस भीमेकाठचे खेड, म्हणजे आजचे राजगुरुनगर. भोसले घराण्यातील दोन पुत्रांच्या आयुष्याची दोन महत्त्वाची ठिकाणे या गावाच्या दोन बाजूंना आहेत. एकाचा जन्म शिवनेरीवर झाला आणि अठराव्या वर्षी त्याने वडिलांची कैद अनुभवली. दुसऱ्याने आईला शत्रूच्या ताब्यात ठेवून खेडच्या रणांगणावर पाऊल टाकले. आईबाप बंदिवासात असले की मुलांच्या वाट्याला काय येते, हे या दोन प्रकरणांतून समजते.

२/ पहिले प्रकरण १६४८ चे. २५ जुलै रोजी आदिलशाही सेनापती मुस्तफाखानाने जिंजीनजीकच्या छावणीत शहाजीराजांना कैद केले. पुढे त्यांना विजापुरास नेण्यात आले. थोरले पुत्र संभाजीराजे तेव्हा बंगळुरात होते, तर धाकटे शिवाजीराजे पुणे प्रांतात स्वराज्याची पायाभरणी करत होते. दरबाराचा हिशेब साधा होता : बाप मुठीत असला की मुले आपोआप मुठीत येतात.

३/ त्याच सुमारास फत्तेखान स्वराज्यावर चालून आला. पुरंदरच्या परिसरात शिवाजी महाराजांनी त्याचा पराभव केला. बंगळुरावर आलेल्या फौजेला संभाजीराजांनीही दाद दिली नाही. दोन्ही मुले रणांगणावर जिंकली, पण त्या विजयांनी वडिलांच्या बेड्या तुटणार नव्हत्या. उलट प्रत्येक विजयाबरोबर कैदेतील पित्याच्या जिवाचा धोका वाढत होता.

४/ शिवाजी महाराजांनी दख्खनचा मोगल सुभेदार शाहजादा मुरादबक्ष याच्याशी पत्रव्यवहार केला आणि विजापुरावर मोगलांचा दाब निर्माण करण्याचा प्रयत्न केला. अखेरीस सौदा ठरला. शिवाजी महाराजांनी कोंढाणा सोडला, संभाजीराजांनी बंगळूर सोडले आणि १६ मे १६४९ रोजी शहाजीराजांची सुटका झाली. जिंकलेल्या मुलाने हातचा किल्ला परत दिला, हे या कैदेचे मोल.

५/ हे मोल तेवढ्यावर संपले नाही. सुटकेनंतरही शहाजीराजे आदिलशाहीच्याच चाकरीत होते, म्हणजे दरबाराच्या हाताच्या अंतरावर. पुढची काही वर्षे शिवाजी महाराजांनी उघड मोठा संघर्ष टाळला. जावळी घेतली ती १६५६ मध्ये. मधल्या शांततेची इतर कारणेही आहेत, परंतु वडिलांच्या सुरक्षिततेची काळजी हे त्यांतील एक प्रमुख कारण मानले जाते. कैद संपली तरी तिचा धाक उरतो.

६/ दुसरे प्रकरण अधिक दीर्घ आणि अधिक करुण आहे. १ फेब्रुवारी १६८९ रोजी छत्रपती संभाजी महाराज संगमेश्वरी पकडले गेले आणि ११ मार्चला त्यांची हत्या झाली. तुळापूर आणि वढू ही त्या घटनेशी जोडलेली गावे खेडवरून वाहत येणाऱ्या भीमेच्याच खोऱ्यात आहेत. त्यांचा पुत्र शाहू तेव्हा रायगडावर होता. जन्म १८ मे १६८२ चा; वयाची सात वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

७/ रायगडाला मोगलांचा वेढा पडला होता. राज्य वाचवायचे तर राजाराम महाराजांनी गडाबाहेर पडावे, असा निर्णय येसूबाईंनी घेतला आणि स्वतः मुलासह गडावर राहिल्या. नोव्हेंबर १६८९ मध्ये गड पडला. पतीच्या हत्येला वर्षही झाले नव्हते, तोच आई आणि मुलगा दोघेही मोगलांचे बंदी झाले.

८/ हा बंदिवास अंधारकोठडीतला नव्हता. औरंगजेबाने शाहूंना राजा हा किताब आणि सात हजारी मनसब दिली. बादशहाची कन्या झीनतउन्निसा हिने मायलेकांची काळजी घेतली. पण बादशहाची छावणी दख्खनभर फिरत राहिली आणि तिच्याबरोबर हे कुटुंबही. छावणीबाहेर मराठे लढत होते. ज्याच्या नावाचे राज्य, तो मुलगा मात्र छावणीच्या आत वाढत होता. मान होता, मोकळीक नव्हती.

९/ ३ मार्च १७०७ रोजी औरंगजेब मृत्यू पावला. उत्तरेकडे निघालेल्या आझमशहाने मे महिन्यात माळव्यात शाहूंना सोडले. मराठ्यांत दुफळी पडावी हा त्यामागील हेतू. पण येसूबाई आणि इतर आप्तांना त्याने ओलीस ठेवून घेतले. सात वर्षांचा असताना कैद झालेला मुलगा पंचविशीच्या उंबरठ्यावर मोकळा झाला, तो आईला मागे ठेवून.

१०/ घरी परतल्यावर त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला तो ओळखीचा. ताराबाईंनी हा खरा शाहू नव्हे, तोतया आहे, अशी भूमिका घेतली. अठराएक वर्षांत सरदारांच्या नजरेसमोर मूल मोठे झालेच नव्हते, त्यामुळे शंकेला जागा होती. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी खेडला दोन्ही पक्षांची लढाई झाली. सेनापती धनाजी जाधव यांची खात्री पटली आणि ते शाहूंच्या बाजूला आले. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला. त्या दिवशीही आई मोगलांच्या कैदेतच होती.

११/ पुढची अकरा वर्षे हा राजा एका हाताने राज्य सांभाळत होता आणि दुसरा हात बांधलेला होता. १७१८ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथ आणि सय्यद हुसेनअली यांच्यात तह ठरला. स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी या मागण्यांच्या बरोबरीने त्यात एक कलम होते : मातोश्री आणि कुटुंबीयांची सुटका. मराठी फौज दिल्लीस गेली, सनदा मिळाल्या आणि १७१९ मध्ये येसूबाई साताऱ्यास परतल्या. त्यांच्या बंदिवासाला जवळजवळ तीस वर्षे झाली होती. निरोप घेताना पंचविशीत असलेला मुलगा आता सदतीस वर्षांचा छत्रपती होता.

१२/ या तहाकडे बहुधा चौथाईच्या सनदांसाठी पाहिले जाते आणि ते योग्यही आहे. मराठ्यांच्या उत्तरेकडील विस्ताराचा पाया तिथे घातला गेला. परंतु त्याच कागदांत एका मुलाने आईसाठी केलेली मागणीही आहे. ती पूर्ण होण्यासाठी त्याला छत्रपती व्हावे लागले, पेशव्यासारखा मुत्सद्दी मिळावा लागला आणि दिल्लीची गादी डळमळावी लागली.

१३/ आज बंदिवानांच्या मुलांसाठी राज्य नसते, फौज नसते. म्हणून कायदा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय खटल्यात स्पष्ट केले की, आईबरोबर तुरुंगात राहणारे मूल कैदी नव्हे. ते सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ राहू शकते. अन्न, औषधोपचार आणि शिक्षण हा त्याचा हक्क आहे. तुरुंगात जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर जन्मस्थळ म्हणून तुरुंगाची नोंद करू नये, असेही न्यायालयाने सांगितले.

१४/ हे शेवटचे कलम लहान वाटते. पण आईबापांच्या कैदेची खूण मुलाच्या नावाला किती चिकटते, हे खेडच्या रणांगणावर शाहूंनी अनुभवले होते. सुटून आलेल्या मुलाला तिथे आधी एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले : तू खरा कोण?